कप्तान दप्तरदारांची बेटं

आमचं घर निराशेत आहे. हे रडगाणं नाही, पत्ता आहे. आम्ही देवासला राहायला आलो त्याच महिन्यात एका कुरिअरवाल्याचा फोन आला, "भाभीजी, कप्तान साब के नक्शे में जो निराशा है, वो आप ही हो ना?"

मी म्हटलं, कोण कप्तान आणि कसली निराशा?

"अरे, किराने वाले भिया की दुकान पे नक्शा चिपका है ना. अगम्य के बाजू में निराशा. आप गेट पे आ जाओ."

मी गेटवर गेले. पार्सल माझंच होतं.

आमची वसाहत गावाबाहेर काळ्या मातीच्या शेतात उठलेली. प्लॉट पाडणाऱ्यानं नंबर कसे टाकले देव जाणे, चौदा नंबरच्या शेजारी ब्याण्णव आणि ब्याण्णवच्या मागे सहा. रस्त्यांना नावं नाहीत. मधले प्लॉट रिकामे, आणि श्रावणात त्यांत गुडघाभर पाणी साचलं की प्रत्येक घर चहूबाजूंनी पाण्यात. अशा ठिकाणी एखाद्यानं नगर निगमकडे अर्ज केला असता. आप्पासाहेब दप्तरदारांनी नकाशा काढला.

आप्पासाहेब आमच्या समोरच राहतात. वय ऐंशी, अंगानं काडी, नाकावर जाड चष्मा आणि गळ्यात दुर्बीण. दुर्बीण कायम गळ्यात, भाजी आणायला जातानासुद्धा. नोकरी जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढणारा नक्शानवीस म्हणून झाली. आजोबा इथल्या दरबाराच्या दप्तरात होते. संस्थान विलीन झालं तेव्हा दप्तरातल्या कोणाला काय मिळालं कोण जाणे, यांच्या आजोबांच्या वाट्याला एक भला मोठा इंग्रजी ॲटलास आला. त्या ॲटलासनं नातवाचं डोकं फिरवलं, असं काकू म्हणजे त्यांच्या पत्नी म्हणतात. माळव्यात बसून या माणसानं उभा जन्म बेटांचा अभ्यास केला. लोकवस्तीपासून हजार कोस दूर, महासागरात एकट्या पडलेल्या बेटांचा. समुद्र मात्र पाहिलेला नाही. दोनदा मुंबईची तिकिटं काढून रद्द केली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाहिला की संपला, सूनबाई. मग नकाशा कशासाठी पाहायचा?"

मी त्यांची सून नाही. मी कऱ्हाडची, नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी इकडे आलेली. पण आप्पासाहेबांचं मराठी आपल्यासारखं नाही. ते दरबारी मराठी, "यावं, बसावं, आपण चहा घेणार ना" असलं. पहिले काही दिवस मी मागे वळून बघायची की हे कोणाशी बोलताहेत.

तर आमच्या निराशेची गोष्ट. आमचा टेम्पो आला त्या दिवशी आप्पासाहेब नव्या शेजाऱ्यांना भेटायला निघाले. दारात आमचं कपाट आडवं अडकलेलं, खिडकीतून गादी लोंबतेय, विनय, म्हणजे माझा नवरा, हमालांवर ओरडतोय. आप्पासाहेब पंधरा मिनिटं घराभोवती फिरले, आत यायला वाट मिळाली नाही, आणि परत गेले. तसंच एका इंग्रज कप्तानाचं पॅसिफिक महासागरात झालं होतं म्हणे. बेट दिसलं, हिरवंगार, खलाशी आजारी, ताज्या फळांची गरज. पण नांगर टाकायला तळ मिळेना आणि काठावरचे लोक भाले घेऊन उभे. बिचारा तसाच पुढे गेला आणि नकाशावर लिहून गेला, निराशेची बेटं. आजही तेच नाव आहे.

"नोंद घ्या," आप्पासाहेब बोट वर करून म्हणाले, "आपल्या घराचं नाव शास्त्राला धरून आहे."

शास्त्राचे त्यांचे चार नियम आहेत. पहिला नियम, ज्या दिवशी बेट दिसलं त्या दिवसाचं नाव. एका डच कप्तानाला ईस्टरच्या रविवारी बेट दिसलं, झालं ईस्टर. दुसरा एक नाताळच्या दिवशी नुसता जवळून गेला, उतरलासुद्धा नाही, तरी त्याचं झालं ख्रिसमस. आप्पासाहेबांकडे नाताळ-ईस्टर नव्हतं, पंचांग होतं. त्यामुळे आमच्या वसाहतीत संकष्टी आहे, वसुबारस आहे, रथसप्तमी आहे. मंडलोईजींच्या घराचा पाया नेमका सर्वपित्री अमावास्येला खणताना दिसला. मंडलोईजींना ते कळलं तेव्हा ते चार दिवस आप्पासाहेबांशी बोलले नाहीत. शेवटी काकूंनी मध्यस्थी केली आणि नकाशावर पित्री खोडून नुसतं 'सर्व' राहिलं.

दुसरा नियम, कप्तानावर जे गुदरलं ते नाव. त्यात आम्ही, आणि कोपऱ्यावरचं जर्मन शेफर्डवालं घर, 'अगम्य'. तिसरा नियम, ज्यानं मोहिमेला पैसे दिले त्याचं नाव. नकाशाच्या झेरॉक्सचा खर्च किराणेवाल्यानं केला म्हणून त्याचं दुकान नकाशावर सगळ्यात मोठं, जवळजवळ ऑस्ट्रेलियाएवढं.

चौथा नियम सांगताना मात्र आप्पासाहेबांचा आवाज चढायचा. "आणि चौथा, सूनबाई, तिथं राहणाऱ्यांना विचारायचं नाही! अहो, माणसं राहत होती तिथं. पिढ्यान्‌पिढ्या. विहिरी होत्या, लग्नं लागत होती, पोरंबाळं होती. त्यांनी आपल्या बेटाला काही नाव ठेवलं असेल की नाही? आणि हा दुर्बिणीतून पाहतो आणि म्हणतो, आज ईस्टर आहे!"

हे भाषण वसाहतीत सगळ्यांचं पाठ होतं. मंडलोईजी तर ते सुरू झालं की ओठ हलवून मुक्यानं सोबत म्हणायचे. हिंदीतून.

घरात आप्पासाहेबांचं राज्य गच्चीवर, खाली सगळं काकूंचं. त्यांचं नाव पौर्णिमा. बुटक्या, गोऱ्या, बोलण्यात तोलूनमापून, पण एक वाक्य टाकलं की समोरचा गार. आप्पासाहेब गच्चीवरून दुर्बिणीनं टेकरीवरच्या देवीच्या पायऱ्या पाहत "जमीन दिसली!" म्हणून ओरडले की खालून आवाज येई, "दिसली असली तर उतरा, भात निवतोय." जुन्या वळणाचा संसार. काकू त्यांचं नाव घ्यायच्या नाहीत आणि तेही काकूंना हाक मारायचे नाहीत. बोलवायचं झालं की दारात उभं राहून खाकरायचे. एकदा खाकरलं की चहा, दोनदा खाकरलं की चष्मा सापडत नाही. पंचावन्न वर्षं या दोघांचं खाकरण्यावर सुरळीत चाललं होतं.

यंदा आप्पासाहेब एक्याऐंशीत लागले. त्यांची लेक माधुरी इंदूरला असते, तिनं ठरवलं की कोजागिरीला सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम करायचा. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचं कौतुक. आणि त्यातच आईबाबांचं पुन्हा लग्न लावायचं, सगळे विधी करून. अंतरपाट, माळा, आणि तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहिणं, सगळं. वसाहतीत आनंदीआनंद. बायका साड्या ठरवू लागल्या.

त्याच सुमारास एका संध्याकाळी आप्पासाहेब आमच्याकडे चहाला बसले असताना त्यांचा चौथा नियम सुरू झाला. "विचारलं का कोणी?" इथपर्यंत आले, आणि मी आपलं सहज, थट्टेनं म्हटलं, "आप्पासाहेब, आमच्या घराचं नाव निराशा ठेवताना तुम्ही तरी आम्हाला कुठं विचारलंत?"

त्यांचा कप तसाच ओठांपाशी राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला, उठले, आणि "येतो" एवढंच म्हणून गेले. चहा अर्धा तसाच. मला इतकं वाईट वाटलं की विनय जेवायला बसला तेव्हा मी त्याच्यावरच चिडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले. दुर्बीण गळ्यात नव्हती. ती नसली की त्यांची मान अगदी उघडी दिसते. बसले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, एक भयंकर गोष्ट झाली आहे. आमच्या कुटुंबाचं माहेरचं नाव मला ठाऊक नाही."

मला आधी कळलंच नाही की कुटुंब म्हणजे काकू. मग त्यांनी सांगितलं. लग्न ठरलं वडीलधाऱ्यांत. मुलगी सरदारपूरची, माहेरी सगळे तिला बेबी म्हणत. खरं नाव काय ते बोलणीत एकदा कानावर पडलं असेल नसेल. लग्न लागलं वैशाखी पौर्णिमेला. घरात आल्यावर ताटात तांदूळ पसरून पुढे ठेवले, हातात अंगठी दिली. या पंचविशीतल्या नक्शानवीसाच्या डोक्यात ईस्टर आणि ख्रिसमस. त्यानं ऐटीत लिहिलं, पौर्णिमा. सगळ्यांनी वाहवा केली. पुढे रेशनकार्ड, मतदार यादी, लेकीच्या शाळेचे कागद, सगळीकडे पौर्णिमा. आधीचं नाव कुठंच राहिलं नाही.

"मला तीनशे बेटांची नावं येतात," ते म्हणाले, "जुनीसुद्धा, तिथल्या लोकांनी ठेवलेली. आणि घरात..."

"मग विचारा ना काकूंना," मी म्हटलं.

"पंचावन्न वर्षांनी? कोणत्या तोंडानं?"

"मी विचारते."

"अजिबात नाही. आपल्याला माझी शपथ आहे. आपण विचारलं की तिला कळणार मी विसरलो. माधुरीला विचारलं की ती आईला सांगणार." मग म्हणाले, "कोजागिरीला गुरुजी पुन्हा ताट पुढे करतील. त्यात पुन्हा पौर्णिमा लिहू? एकदा अजाणता झालं. दुसऱ्यांदा जाणूनबुजून कसं करू?"

या वयाच्या माणसाचे डोळे असे भरलेले मला बघवले नाहीत. मी म्हटलं, चला सरदारपूरला.

काकूंना सांगितलं, इंदूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय. निघताना आप्पासाहेबांनी दुर्बीण घेतली, होकायंत्र घेतलं आणि रोजनिशीची वही घेतली. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, धारहून सरदारपूर, सगळा बसचा प्रवास, त्यात होकायंत्र काढून ते कंडक्टरला दिशा सांगत होते. कंडक्टर म्हणाला, "दादाजी, रोड एक ही है, बस और कहाँ जाएगी." धारच्या स्टँडवर पोहे खाताना आमची पुढची बस निघून गेली आणि दीड तास एका बाकावर बसून काढावा लागला. त्या बाकाचं नाव हुकलेलं बेट, तशी वहीत नोंद आहे. मी मनातून हसत होते, पण हसू ओठांवर येऊ दिलं नाही. जन्मातली पहिली सफर आणि ती कशासाठी, तर बायकोच्या नावासाठी.

सरदारपुरात काकूंचं माहेर शोधायला वेळ लागला नाही, पण माहेर राहिलंच नव्हतं. भाऊ वारलेले, घर विकलेलं, आणि आत सोयाबीनची पोती छतापर्यंत. पोत्यांच्या मालकानं आदरानं बसवलं, चहा पाजला, पण त्याला काय माहीत? शाळेत गेलो तर तिथल्या बाई म्हणाल्या, इतकी जुनी रजिस्टरं केव्हाच दुसरीकडे पाठवली. शेवटी शेजारच्या घरात एक म्हातारी भेटली. काकूंचं नुसतं वर्णन ऐकून तिचा चेहरा उजळला.

"अरे, वा तो म्हारी बेबी जीजी! संग में इमली तोड़ता था हम."

आप्पासाहेब पुढे सरकले. "हो, पर उनका नाम? असली नाम?"

"नाम?" म्हातारी विचारात पडली. बराच वेळ पडली. "नाम तो बेबी जीजी ज थो, और कई?"

मग तिनं आत जाऊन हातभर लांबीची, चांगली जाडजूड बालम ककडी आणून आप्पासाहेबांच्या मांडीवर ठेवली. त्या बाजूला भादव्यात होते ती. म्हणाली, जीजीला फार आवडायची, द्या तिला.

परतीच्या बसमध्ये आप्पासाहेबांनी वही उघडली नाही. ककडी धरून बसले. इंदूर येईपर्यंत एकच वाक्य बोलले, "ते कप्तान निदान काठावरून तरी परत गेले. मी घरात राहून विचारलं नाही."

घरी पोचलो तेव्हा काकू दारातच होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग ककडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिली?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या घराकडे पळाले. आप्पासाहेबांनी काय उत्तर दिलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी काकूंनी ककडीच्या फोडी मीठ-तिखट लावून आमच्याकडे पाठवल्या. त्या विषयावर चकार शब्द नाही.

कोजागिरीची सकाळ उजाडली. रिकाम्या प्लॉटवर मांडव, त्यात सगळी वसाहत. संकष्टी, वसुबारस, रथसप्तमी, अगम्यवाले कुत्रा बांधून आले होते. मंडलोईजींनी अंतरपाट धरला. आप्पासाहेब मुंडावळ्यांत इतके बारीक दिसत होते की फोटोवाला म्हणाला, "दादाजी, थोड़ा मुस्कुराओ, शादी आपकी ही है." सगळे हसले. काकू हिरव्या शालूत खाली मान घालून बसल्या होत्या, चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं. माझी नजर मात्र तांदळाच्या ताटावर. हा माणूस आता काय लिहिणार?

गुरुजींनी ताट पुढे सरकवलं. माधुरीनं अंगठी दिली. "हं, नवरदेव, लिहा नाव," गुरुजी म्हणाले, आणि बायका टाळ्या वाजवायला तयार झाल्या.

आप्पासाहेबांनी अंगठी तांदळावर टेकवली. काही लिहिलं नाही. एक मिनिट गेलं. कोणीतरी मागून म्हणालं, "कप्तान साब, स्पेलिंग भूल गए क्या?" पुन्हा हशा. मग आप्पासाहेबांनी ताट उचललं आणि काकूंच्या समोर ठेवलं. अंगठी त्यांच्या हातात दिली.

"आपण लिहावं," ते म्हणाले. आवाज फार मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. "मागच्या खेपेला मी लिहिलं. त्या दिवशी पौर्णिमा होती, म्हणून लिहिलं. आपल्याला त्याआधी नाव होतं. ते मला ठाऊक नाही. मी ते शोधायला सरदारपूरला गेलो होतो, मिळालं नाही. चूक माझी आहे. सगळ्यांनी नोंद घ्या."

काकूंनी मान वर केली.

"ककडी पाहिली तेव्हाच कळलं होतं मला," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"आपण विचाराल म्हणून वाट पाहत होते."

"पंचावन्न वर्षं?"

"नाही हो. ककडीपासून." आणि त्या हसल्या. मग अंगठी घेऊन तांदळावर वाकल्या. हळूहळू, शाळेतल्या मुलीसारखी एकेक रेघ ओढत त्यांनी अक्षरं काढली. मा. ल. ती. वरची रेघ शेवटी ओढली. माधुरीनं ताटात डोकावून पाहिलं आणि आईच्या गळ्यातच पडली, तिलाही ते नाव पहिल्यांदाच कळत होतं. मी तर सरळ रडले. माझ्या शेजारी मंडलोईजी अंतरपाटानं डोळे पुसत होते, आणि तो अंतरपाट आमच्या घरचा, कोरा करकरीत पंचा होता.

त्यानंतरच्या आठवड्यात आप्पासाहेब वही घेऊन घरोघर फिरले. "आपल्या घराला काय नाव असावं असं आपल्याला वाटतं?" असं प्रत्येकाला विचारून. लोकांची पंचाईत झाली. संकष्टीवाल्यांना नाव बदलायचं नव्हतं, त्यांची लाइट बिलं त्याच नावानं ओळखून मिळत होती. मंडलोईजी म्हणाले, सर्व ठीक आहे. आमच्या गेटवर आले तेव्हा मी आणि विनयनं एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच म्हटलं, "निराशाच राहू द्या." त्यांनी तसं लिहून घेतलं आणि खाली आमची सही घेतली.

वही मिटून ते तसेच उभे राहिले.

"काय झालं, आप्पासाहेब?"

"नाव मिळालं, सूनबाई, पण हाक मारणं काही जमत नाही," ते म्हणाले. "रोज दारात जातो आणि खाकरतो."

"मग मारा की आत्ता. इथूनच."

"इथून? रस्त्यावरून?"

"त्यात काय!"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. समोरच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीतून भांड्यांचा आवाज येत होता. आप्पासाहेबांनी सवयीनं घसा साफ केला, मग एकदम, वयाला न शोभणाऱ्या मोठ्या आवाजात ओरडले, "मालती!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, वाईट वाटलं की काय काकूंना. मग आतून आवाज आला, "ओ!" मी काकूंचा आवाज रोज ऐकते, पण तो हा नव्हता. इमली तोडायला झाडावर चढलेल्या पोरीला खालून कोणी बोलावलं तर ती देईल, तशी ती ओ होती.

काकू पदराला हात पुसत लगबगीनं दारात आल्या. "काय हवंय?"

आप्पासाहेब गोंधळले. चहा नको होता, चष्मा नाकावर होता, दुर्बीण गळ्यात होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं.

"काही नाही," ते म्हणाले, "नुसती हाक मारली."